महापौर बदलताना

कोल्हापूर महापालिकेत नगरसचिवांच्या कार्यालयात मी नोकरीचा बहुतेक काळ काढला. हे खातं नक्की काय करतं हे महापालिकेबाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. घरफाळा म्हटलं की बिल आठवतं, पाणीपुरवठा म्हटलं की नळ आठवतो, नगरसचिव म्हटलं की माणसं "म्हणजे कोण?" असं विचारतात. सभेची नोटीस काढायची, अजेंडा सदस्यांच्या घरी पोचवायचा, सभेत कोण काय बोललं ते लिहून घ्यायचं, ठरावाला नंबर टाकून खात्याकडं धाडायचा आणि महापौर निवडायची वेळ आली की ती निवड कायद्याप्रमाणं पार पाडायची, ही आमची कामं. मी तिथला क्लार्क. पेपरात महापौरांचा फोटो येतो त्यात मागं खाली मान घालून लिहिणारा, अर्धा कापला गेलेला एक माणूस असतो ना, तो मी.

मी रुजू झालो तेव्हा महापौर कायद्यानंच एका वर्षाचा असायचा. पुढं कायदा बदलला आणि मुदत अडीच वर्षांची झाली. म्हणजे पाच वर्षांच्या सभागृहात दोन महापौर. २०१५ ते २०२० या सभागृहात आमच्याकडं किती झाले? आठ. अश्विनी रामाणे, हसीना फरास, स्वाती यवलुजे, शोभा बोंद्रे, सरिता मोरे, माधवी गवंडी, सूरमंजिरी लाटकर आणि निलोफर आजरेकर. पहिली अडीच वर्षं पद ओबीसी महिलेसाठी राखीव होतं, नंतरची सर्वसाधारण महिलेसाठी, म्हणून आठही महिला.

बाहेरचे लोक याला संगीत खुर्ची म्हणून हसतात. हसायला हरकत नाही, पण त्यामागचं गणित बघा. २०१५ ला निकाल लागला तो असा: काँग्रेस २७, ताराराणी आघाडी १९, राष्ट्रवादी १५, भाजप १३, शिवसेना ४, अपक्ष ३. एकूण ८१. बहुमताला ४१ लागतात आणि दोन्ही काँग्रेस मिळून होत होते ४२. वरचा तो एक माणूस म्हणजे सगळं राजकारण. दोघं जरी रुसून घरी बसले तरी पंचाईत. मग कुणालाच रुसू द्यायचं नाही. कुणाला महापौर, कुणाला उपमहापौर, कुणाला स्थायी, कुणाला परिवहन, कुणाला महिला-बालकल्याण, आणि प्रत्येक पदाचे महिने मोजून तुकडे. विरोधात ताराराणी आणि भाजपचे मिळून ३२ जण एकगठ्ठा बसलेले असताना कुठल्याही नेत्यानं हेच केलं असतं. मी कुणाची बाजू घेत नाही, आकडे सांगतोय.

हे तुकडे कायद्यात कुठंच नसतात. कायद्यातला महापौर अडीच वर्षांसाठीच निवडला जातो आणि आमच्या रजिस्टरला तशीच नोंद होते. "तुम्हाला सहा महिने, त्यांना आठ महिने" हे नेत्यांच्या बैठकीत तोंडी ठरतं. म्हणजे मुदत संपली म्हणून महापौर जात नाही. त्याला स्वतःच्या हातानं राजीनामा द्यावा लागतो. आणि माणसाचा हात त्या कागदावर सहजासहजी सही करत नाही.

आमच्याकडं त्याची चाहूल आधीच लागायची. महापौर कार्यालयातला शिपाई खाली चहाला येऊन सांगायचा, "आज दाराला कडी आहे, आत कारभारी बसल्यात." कारभारी म्हणजे सत्ताधाऱ्यांतली जुनी, मुरलेली मंडळी, सभागृहात काय होणार ते सभागृहाबाहेर ठरवणारी. मग पेपरात बातमी यायची, 'महापौर राजीनामा देणार?' आणि दुसऱ्या दिवशी, 'राजीनाम्याचा निर्णय नेते घेतील'. असं काही आठवडे चालायचं. कुणाला वाटायचं शाहू जयंती होऊ दे, कुणाला वाटायचं हातातलं एखादं उद्घाटन होऊ दे. त्यात काही गैर आहे असं मला कधी वाटलं नाही. दसऱ्याला, शाहू जयंतीला शहराच्या वतीनं पुढं उभं राहायचा मान हीच तर त्या पदाची खरी कमाई.

मग एके दिवशी महासभा लागायची आणि महापौर बोलायला उभ्या राहायच्या. राजीनाम्याचं पत्र दोन ओळींचं असतं. 'मी वैयक्तिक कारणास्तव माझ्या महापौर पदाचा राजीनामा देत आहे, तो मंजूर व्हावा.' भाषण मात्र मोठं. नेत्यांचे आभार, सहकाऱ्यांचे आभार, आयुक्तांचे आभार, पेठेतल्या तालमीचे आभार. सभागृहात विरोधकही त्या दिवशी गोड बोलतात. कालपर्यंत ज्यांनी "महापौर, तुम्हाला काही माहीत नाही" म्हणून आरडाओरड केलेली असते तेच उठून "ताईंनी सगळ्यांना न्याय दिला" म्हणतात. मी दोन्ही वाक्यं त्याच पेनानं लिहून घेतलेली आहेत.

पत्र हातात आलं की आमची धावपळ. पुण्याला विभागीय आयुक्तांकडं पत्र जायचं, पद रिक्त झालंय, निवडीचा कार्यक्रम द्या. तोवर सभा घ्यायची वेळ आली तर उपमहापौर. तारीख ठरून आली की सगळ्या सदस्यांना विशेष सभेची नोटीस, आणि पीठासन अधिकारी, म्हणजे निवडीची सभा चालवणारे, म्हणून बहुतेक वेळा जिल्हाधिकारी. अर्ज आमच्याच टेबलावर भरायचे. अर्जाला एक सूचक, एक अनुमोदक. दोघांच्या सह्या, दोघांचे प्रभाग क्रमांक. एका उमेदवाराचे दोन-दोन, तीन-तीन अर्ज येतात, कारण एखादा छाननीत उडाला तर दुसरा हवा. सूचक कोण हे वरवर किरकोळ वाटतं, पण आमच्या टेबलावरून त्यावरच कळायचं की कोण कुणावर खूश आहे. ज्याचं नाव महापौरपदासाठी चर्चेत होतं आणि मिळालं नाही, त्यालाच बऱ्याचदा सूचक करतात. सही घेतली की त्याचं तोंड बंद, आणि पेपरला फोटोही चांगला येतो.

अर्ज भरून झाले की सदस्य गायब. सहल. गोव्याला, कोकणात, कधी आणखी कुठं. गट नोंदणी झालेली असते, व्हीप, म्हणजे मत कुणाला द्यायचं हा पक्षाचा हुकूम, बजावलेला असतो, पक्षांतरबंदीचा १९८६ चा कायदा आहे, तरी बहुमत काठावर असलं की नेत्यांना झोप लागत नाही. आमचा एक सहकारी व्हीपच्या प्रती नोंदीला लावताना म्हणायचा, "कागद घरात पडलाय आणि माणूस समुद्रात पोहतोय." व्हीप मिळालाच नाही असं पुढं कुणी म्हणू नये म्हणून पक्षवाले दारावर चिकटवून त्याचा फोटो काढायचे.

निवडीच्या दिवशी भाऊसिंगजी रोडवर सकाळपासून पोलीस. अकराची सभा असेल तर पावणेअकराला सहलीची गाडी थेट दारात. खाली उतरणारे सगळे एका रंगाच्या फेट्यात, महिला सदस्या एका रंगाच्या साडीत. रात्रभर प्रवास करून आलेली माणसं, डोळे लाल, तरी फेटा कडक. आत आल्यावर हजेरीची सही. इथं आमचं लक्ष लागतं, कारण पुढची सगळी मोजणी या सहीवर. स्वीकृत सदस्य, म्हणजे निवडून न येता नेमलेले, सभागृहात बसतात, पण त्यांना मतदान नाही. गर्दीत त्यांचा हात वर आला तर गोंधळ होतो म्हणून त्यांना आधीच वेगळं बसवायचं.

पीठासन अधिकारी छाननी करतात, वैध अर्ज वाचून दाखवतात आणि माघारीसाठी पंधरा मिनिटं देतात. ही पंधरा मिनिटं म्हणजे त्या दिवसातली सगळ्यात लांब. कुणी काही बोलत नाही, सगळे बोलल्यासारखं करतात. गटनेते मोबाईल कानाला लावून दारापाशी. एखादा उमेदवार माघारीचा कागद खिशात घालूनच आलेला असतो, इशाऱ्याची वाट बघत. वेळ संपली की मतदान, तेही हात वर करून. गुप्त काही नाही. एका उमेदवाराचं नाव पुकारायचं, बाजूनं असलेल्यांनी हात वर करायचे, आणि आम्ही प्रभाग क्रमांकानं एकेकाचं नाव वाचत रजिस्टरला खूण करायची. दोघं वेगवेगळे मोजतात आणि आकडे जुळेपर्यंत हात खाली घ्यायचा नाही. चाळीस-बेचाळीस नावं वाचायला वेळ लागतो. वयस्कर सदस्य डाव्या हातानं उजवा कोपर धरून ठेवतात. एक जण दर वेळी दोन्ही हात वर करायचा आणि पीठासन अधिकाऱ्यांना त्याला दर वेळी सांगावं लागायचं, "एकच हात, सन्माननीय सदस्य." सभागृह हसायचं. पण तेवढ्या हसण्यातही गटनेत्याची नजर आपल्या ओळीवरून फिरत असायची. एखादी खुर्ची रिकामी राहिली तर?

मतं समान पडली तर चिठ्ठी काढायची तरतूद कायद्यात आहे. चिठ्ठ्यांसाठी सारख्या मापाचे कागद आणि एक डबा आम्ही दर वेळी टेबलाखाली तयार ठेवायचो. तो काढायची पाळी आली नाही, पण तो तिथं आहे हे सगळ्या गटनेत्यांना माहीत होतं.

निकाल जाहीर झाला की बाहेर हलगी सुरू. आत उपमहापौरांची निवड अजून व्हायची असते, तिच्याकडं कुणाचं फारसं लक्ष नसतं. उपमहापौर होणाऱ्या माणसाला हे फार लागतं, पण बोलणार कुणाला? सभा संपली की गुलाल. आमचं प्रोसिडिंगचं, म्हणजे सभेत काय झालं ते लिहिलेलं, पुस्तक मी दोन्ही हातांनी छातीशी धरून बाहेर काढायचो, तरी पानांच्या कडा गुलाबी व्हायच्याच. पुढं कधी माहिती अधिकारात कुणी नक्कल मागितली आणि पान झेरॉक्सला टाकलं की काळे ठिपके उमटायचे. मग मिरवणूक, शिवाजी चौक, अंबाबाईचं दर्शन, दसरा चौकात शाहू महाराजांना हार, आणि शेवटी महापौरांची स्वतःची पेठ, स्वतःची तालीम. तालमीत सत्कार झाल्याशिवाय कोल्हापुरात कुणी महापौर झाला असं मानत नाहीत. बहुतेकांचं राजकारण तिथूनच सुरू झालेलं असतं: मंडळाचा गणपती, फुटबॉलचा संघ, प्रभागातली तक्रार घेऊन वॉर्ड ऑफिसला हेलपाटे, मग तिकीट. महापौर पदापर्यंत पोचायला पंधरा-वीस वर्षं घातलेली घरं मी बघितली आहेत. आरक्षण बदललं की घरातला उमेदवार बदलतो. दादांच्या जागी वहिनी येतात, पण मतं त्या घरानं जमवलेलीच असतात.

इकडं आमच्या ऑफिसात त्या दिवशी एकच भांडण उरायचं, चहाचं बिल. निवडीच्या दिवशी शे-दोनशे चहा होतो, वर पेढे. मावळत्या महापौरांचा खर्च बंद झालेला, नव्यांचा सुरू झालेला नाही. चहावाला आमच्याच दारात उभा.

दुसऱ्या दिवसापासून खरा प्रकार सुरू होतो आणि तो फारसं कुणी लिहीत नाही. नवीन महापौर दालनात बसतात. पहिले काही दिवस पुष्पगुच्छ. मग माणसं यायला लागतात. मंगळवार पेठेतून कुणी, पाणी कमी दाबानं येतंय म्हणून. राजारामपुरीतून कुणी, कचरा उठाव झालेला नाही म्हणून. कसबा बावड्यातून कुणी, लाईन बाजारच्या कचऱ्याचा वास येतो म्हणून. घरफाळ्याचा दंड माफ करा म्हणून तर रोज कुणी ना कुणी. लोकांना वाटतं महापौर म्हणजे शहराचा मालक. कायदा वाचला की कळतं, कार्यकारी अधिकार सगळे आयुक्तांचे. खर्चाच्या नाड्या स्थायी समितीच्या सोळा जणांकडं, आणि त्यांतले निम्मे दर वर्षी निवृत्त होतात म्हणून तिथं वेगळी शर्यत. बस म्हटली की केएमटी, तिची परिवहन समिती वेगळी. महापौरांकडं उरते ती सभा. महिन्याला एक महासभा घ्यायची, तिचं अध्यक्षपद, मतं समान झाली तर निर्णायक मत, आणि सभेत दिलेलं रूलिंग, म्हणजे अध्यक्षाचा निर्णय. महासभेनं केलेला ठरावही शासनाला नको वाटला तर कलम ४५१ खाली विखंडित, म्हणजे रद्द होतो. तो कागदही आमच्याच फायलीला लागायचा.

म्हणून दालनातून महापौर जे काही करतात ते फोनवर करतात. "उपशहर अभियंत्यांना जोडून द्या." अभियंता "हो मॅडम, आजच बघतो" म्हणतो. तो बघतो की नाही हे कशावर ठरतं? अधिकारी काही वाईट नसतात. पण त्यांच्याही डोक्यात एक कॅलेंडर असतं. हे महापौर किती महिन्यांचे, हे पेपरात आधीच छापून आलेलं असतं. पहिल्या महिन्यात फोनला जेवढी धार असते तेवढी चौथ्या महिन्यात राहत नाही, आणि राजीनाम्याच्या बातम्या सुरू झाल्या की "साहेब साईटवर आहेत" हे उत्तर यायला लागतं. पद वाटून घेण्यातला सगळ्यात मोठा तोटा मला हा वाटला. खर्च, मिरवणुका, गुलाल हे सगळं परवडलं. पण शहराच्या वतीनं विचारणाऱ्याची मुदत उत्तर देणाऱ्याला आधीच माहीत असणं, हे नाही परवडलं.

एका महापौरांचं सांगतो. नाव सांगत नाही, साल पण सांगत नाही. वाचून दोघी-तिघींना आपलंच वर्णन वाटलं तर चांगलंच आहे. त्या आल्या तेव्हा सभागृहात फारसं बोलायची सवय नव्हती. पहिल्या सभेत मागून कुणीतरी चिठ्ठी सरकवायचं, त्या वाचायच्या. विरोधकांनी तेवढ्यावरून टिंगल केली. एका सभेच्या आदल्या दिवशी, ऑफिस सुटायच्या वेळेला, त्या दालनातून न बोलावता स्वतः खाली आमच्या खात्यात आल्या. मी उठून उभा राहिलो. म्हणाल्या, "बसा हो भाऊ. मागच्या चार-पाच सभांचं प्रोसिडिंग देता का?" मी कपाटातून पुस्तकं काढून दिली. माझ्याच टेबलाच्या कोपऱ्यावर बसून त्यांनी ती वाचली. हातात पेन्सिल होती, पण पुस्तकावर खूण करू का म्हणून विचारलं आणि मी नको म्हटल्यावर चिठ्ठ्या फाडून पानात घातल्या. काय शोधत होत्या ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

सभेत पाण्याचा विषय निघाला. नेहमीप्रमाणं अधिकारी उभे राहून म्हणाले, "आठ दिवसांत अहवाल सादर करतो." महापौर म्हणाल्या, "नगरसचिव, अमुक तारखेच्या सभेचं प्रोसिडिंग वाचा." चिठ्ठी लावलेलं पान आमच्या पुढ्यात होतंच. वाचलं. त्यात तोच अधिकारी, तोच विषय, तेच आठ दिवस. "आता त्याच्या आधीच्या सभेचं वाचा." तेही वाचलं. तेच. सभागृह एकदम गप्प झालं, विरोधकसुद्धा. मग त्यांनी रूलिंग दिलं की अहवाल येईपर्यंत पाण्याचा विषय प्रत्येक सभेत पहिला घ्यायचा, आणि आम्ही तो अजेंड्यावर पहिला छापायला लागलो. अहवाल आला. आला म्हणजे खरंच आला, टाचणी लावून, आकड्यांसकट. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आपण जे वर्षानुवर्षं लिहितोय त्याला कुणीतरी गिऱ्हाईक आहे.

पुढं काय झालं असेल ते तुम्ही ओळखलं असेल. मुदत संपली. ठरल्याप्रमाणं राजीनामा, ठरल्याप्रमाणं भाषणं. नवीन महापौरांच्या पहिल्या सभेत पाण्याचा विषय अजेंड्यावर नेहमीच्या जागी गेला. मी नगरसचिवांना विचारलं होतं, पहिला ठेवायचा का. ते म्हणाले, रूलिंग त्यांचं होतं, आता यांना विचारा. नवीन महापौरांना विचारायला दालनात गेलो तर आत पुष्पगुच्छ घेऊन रांग लागलेली. नव्या बाई काही कमी हुशार नव्हत्या. त्यांनीही पुढं कचऱ्याच्या विषयात असंच लक्ष घातलं, आणि तोही त्यांच्याबरोबर गेला.

थेट पाईपलाईनचं बघा. काळम्मावाडी धरणातून ५३ किलोमीटर पाईप टाकून शहराला पाणी आणायचं. त्या सभागृहातल्या आठही महापौरांना सभेत हा प्रश्न विचारला गेला, पाणी कधी येणार? उत्तरं माझ्या हातची लिहिलेली आहेत आणि प्रत्येकात एक नवीन तारीख आहे. पाणी शहरात आलं ते २०२३ च्या दिवाळीत, आणि तेव्हा महापालिकेत महापौरच नव्हता. हद्दवाढीचंही तसंच. १९७२ च्या डिसेंबरात नगरपालिकेची महापालिका झाली, पण हद्द होती तीच राहिली, सुमारे ६७ चौरस किलोमीटर. प्रत्येक महापौर पहिल्या पत्रकार परिषदेत हद्दवाढ करणार म्हणून सांगतो. ठराव झाले, मुंबईला गेले. २०१७ साली हद्दवाढीऐवजी ४२ गावांचं विकास प्राधिकरण मिळालं. हा विषय एका महापौराच्या हातातला नाही हे मान्य. पण मुंबईला सहा-सहा महिन्यांनी नवीन माणूस निवेदन घेऊन गेला तर तिथला कक्ष अधिकारी ओळख तरी कशी ठेवणार?

पद ज्यांना मिळालं त्यांचीही यात कमी परवड झाली नाही. २०१९ च्या ऑगस्टात महापूर आला तेव्हाच्या महापौर खुर्चीत नव्याच होत्या. यंत्रणेत कोण कुठं बसतं हे कळायच्या आत पंचगंगा घराघरांत शिरलेली. २०२० च्या फेब्रुवारीत शेवटच्या महापौर निवडून आल्या आणि पुढच्याच महिन्यात लॉकडाऊन. महासभा ऑनलाईन झाल्या. कोण बोलतंय ते कळायचं नाही, मधेच कुणाच्या घरात कुकरची शिट्टी, आणि प्रोसिडिंगमध्ये लिहायचं काय? आणि त्याआधी २०१८ साली जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत दिलं नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बऱ्याच सदस्यांची पदं धोक्यात आली होती. शासनानं कायदा बदलून मुदत सहाऐवजी बारा महिने केली तेव्हा कुठं सभागृहातली गर्दी शिल्लक राहिली. त्या दिवसांत सदस्य आमच्याकडं येऊन स्वतःच्या प्रमाणपत्राची आवक तारीख बघून जायचे. एरवी अजेंडासुद्धा न उघडणारी माणसं.

पद गेल्यावर काय, हेही लोक विचारतात. 'माजी महापौर' ही पदवी मात्र कायमची. लग्नपत्रिकेत, डिजिटल फलकावर, तालमीच्या कार्यक्रमात ती नावाच्या आधी लागते. काही जण पुन्हा नगरसेवक होतात आणि सभागृहात मागच्या बाकावर बसून नव्या महापौरांना नियम सांगतात. सभागृहाला त्यांचा मोठा उपयोग असतो. काहींचं राजकारण तिथंच थांबतं, कारण महापौर झालेल्या माणसाला परत गटारीच्या तक्रारीसाठी वॉर्ड ऑफिसला जायला संकोच वाटतो आणि प्रभागातला दुसरा पोरगा तेवढ्यात पुढं जातो. आणि आमदारकीची वाट महापौरांच्या दालनातूनच जाते असंही नाही. याच सभागृहातल्या नगरसेविका जयश्री जाधव २०२२ च्या पोटनिवडणुकीत कोल्हापूर उत्तरच्या आमदार झाल्या, आणि त्या महापौर झालेल्या नव्हत्या.

१५ नोव्हेंबर २०२० ला सभागृहाची मुदत संपली. गाड्या जमा झाल्या, दालनांना कुलपं लागली, आयुक्त प्रशासक झाले. महासभेचे अधिकारही त्यांचेच. म्हणजे प्रस्ताव मांडणार प्रशासन आणि मंजूर करणार प्रशासन. आमचं काम एकदम हलकं झालं. ठराव टाईप करायचा, सही घ्यायची, संपलं. उपसूचना नाही, आरडाओरड नाही, सभा तहकूब नाही. सुरुवातीला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. नंतर लक्षात आलं, ठरावाच्या मागं चर्चाच नाही. हा रस्ता का घेतला, तो का सोडला, कुणी हरकत घेतली, काहीच नाही. पूर्वी सदस्य ओरडायचे त्यात निम्मं राजकारण असायचं, पण उरलेल्या निम्म्यात प्रभागातल्या गल्लीची नावं असायची. पाच वर्षं हे चाललं. २०२४ च्या ऑगस्टात केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. ते महापालिकेचं. सगळं शहर हळहळलं, पण सभेत उभं राहून जाब विचारायला सभाच नव्हती. मी तोवर निवृत्त झालो होतो; घरात बसून मनातल्या मनात कोण कुठल्या बाकावरून काय बोललं असतं ते मला ऐकू येत होतं.

१५ जानेवारी २०२६ ला अखेर मतदान झालं. या वेळी प्रभाग वीस, बहुतेक चार सदस्यांचे, सदस्य पुन्हा ८१. निकालानंतर काही दिवसांनी आमच्या खात्यातल्या एका पोराचा फोन आला. तो २०२० नंतर आमच्याकडं बदलून आलेला. म्हणाला, "काका, महापौर निवड लागणार. खात्यात आता कुणीच ती बघितलेली नाही. जुनी फाईल सापडली, पण नुसती फाईल वाचून कळंना झालंय."

मी त्याला सांगत बसलो. नावं वाचताना नुसता प्रभाग क्रमांक वाचू नको, एका प्रभागात आता चौघं आहेत, अ-ब-क-ड लावून यादी आधीच टाईप करून ठेव. हजेरीच्या सह्या दारातच घे, आत गेल्यावर कुणी जागचं उठत नाही. स्वीकृत वेगळे बसव. मोजायला दोघं ठेव आणि त्या दोघांना शेजारी उभं करू नको, एकमेकांचं बघून आकडा लिहितात. चिठ्ठीचे कागद एका मापाचे काप, डबा झाकणाचा घे. प्रोसिडिंगच्या पुस्तकाला प्लॅस्टिकचं कव्हर घाल, गुलाल जात नाही.

"अजून काय, काका?"

"चहा कुणाच्या नावावर टाकायचा ते आदल्या दिवशीच लेखी घेऊन ठेव."